कॅमशाफ्ट, चादर आणि कॅड: संगणकावरच्या ड्रॉइंगची ताकद आणि मर्यादा

मोटारीच्या इंजिनातले व्हॉल्व्ह ठरावीक क्षणी उघडायचे आणि मिटायचे काम कॅमशाफ्ट करतो. चार सिलिंडरच्या, सोळा व्हॉल्व्हच्या, दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात एका शाफ्टवर सहसा आठ लोब असतात. लोब म्हणजे दांड्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे. त्यांचा आकार कंपासने काढता येत नाही. शाफ्ट एकेक अंशाने फिरला की व्हॉल्व्ह किती उचलला जावा, याचे कोष्टक असते आणि त्या कोष्टकातून लोबची कड तयार होते. ही कड काही मायक्रॉननी चुकली तरी इंजिनाचा आवाज, इंधनाचा खप आणि धूर बदलतो. सोलापुरात १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी असेच कॅमशाफ्ट बनवते. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंडाई यांसारख्या कंपन्यांच्या इंजिनांत ते बसले आहेत. इंजिनाचा आराखडा एका देशात, ओतकाम दुसऱ्या देशात आणि जुळणी तिसऱ्या देशात, अशी ही साखळी आहे. एवढ्या अंतरावरून आकाराची देवाणघेवाण कागदी ड्रॉइंगवर भागत नाही. ते काम कॉम्प्युटर एडेड डिझाइन, म्हणजे कॅड, करते.

कॅड म्हणजे वस्तूचा आकार संगणकात गणिताच्या रूपाने उभा करणारे सॉफ्टवेअर. पडद्यावर रेषा दिसते, पण संगणकात तिची नोंद दोन बिंदूंच्या अंकांत असते. वर्तुळ म्हणजे केंद्र आणि त्रिज्या, घन वस्तू म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पृष्ठभागांची बंदिस्त पेटी. कॅडचे बहुतेक गुण आणि बरेचसे दोष या एका गोष्टीतून निघतात.

ड्राफ्टरपासून पडद्यापर्यंत

संगणकाआधीच्या काळातले सोलापूर जिल्ह्यातले एक मोठे अभियांत्रिकी काम म्हणजे भीमेवरचे उजनी धरण. १९६९ मध्ये सुरू झालेले हे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईचे पेन आणि ट्रेसिंग पेपर, ही त्या काळच्या आरेखन खोलीतली हत्यारे होती. मूळ ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायची आणि कामावर पाठवायची, अशी पद्धत होती. बदल झाला की ब्लेडने शाई खरवडायची आणि नव्याने रेघ मारायची. बदल दहा ठिकाणी लागू होत असेल तर दहा शीट हातात घ्यायची.

कॅडची बीजे मात्र त्याआधीच पडली होती. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा प्रोग्राम डॉक्टरेटसाठी तयार केला. प्रकाशपेनाने पडद्यावर रेषा काढायची आणि 'ही रेषा त्या रेषेला समांतर राहील' असे संगणकाला सांगायचे, ही सोय त्यात होती. त्याच दशकात फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीतले पिएर बेझिए मोटारीच्या पत्र्याची वळणे गणिती वक्रांत बांधत होते. ही साधने तेव्हा मोठ्या संगणकांवरच चालत आणि विमान-मोटार कंपन्यांनाच परवडत. उजनीचे काम संपल्यावर दोन वर्षांनी, डिसेंबर १९८२ मध्ये, ऑटोकॅड बाजारात आले आणि टेबलावरच्या छोट्या संगणकावर ड्रॉइंग निघू लागले. १९८८ मध्ये प्रो-इंजिनियरने पॅरामेट्रिक पद्धत, म्हणजे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले सगळे बदलण्याची पद्धत, रूढ केली आणि १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने तीच पद्धत विंडोजच्या साध्या संगणकावर आणली. पुढे या क्षेत्रातल्या अनेक परदेशी कंपन्यांची विकसन केंद्रे पुण्यात उभी राहिली. त्यामुळे जगभर वापरल्या जाणाऱ्या कॅडच्या कोडमध्ये मराठी अभियंत्यांचाही हात आहे.

ताकद कशात आहे

पहिला फायदा दुरुस्तीचा. पॅरामेट्रिक कॅडमध्ये भाग 'काढला' जात नाही, तो टप्प्याटप्प्याने 'रचला' जातो. आधी दांडा, मग त्यावर लोब, मग टोकाला चावीगाळा, मग कडांचे फिलेट, म्हणजे गोलाई. हे टप्पे एका यादीत राहतात आणि प्रत्येक टप्प्याला मापाचे नाव असते. दांड्याचा व्यास २८ ऐवजी ३० मिलिमीटर केला की लोब, गाळा आणि फिलेट आपोआप नव्या व्यासावर बसतात. त्या भागाचे दोन मितींतले ड्रॉइंग आणि तो भाग ज्यात बसतो ती असेंब्लीही बदलते. पूर्वी जे काम करायला आठवडा लागे, ते दुपारच्या चहाआधी होते.

दुसरा फायदा जुळणीची आगाऊ परीक्षा. दोन भाग एकमेकांत घुसत आहेत का, पाना फिरवायला जागा उरते का, झाकण उघडताना पाइपला आदळते का, हे पडद्यावरच कळते. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे १२ जून १९९४ रोजी पहिले उड्डाण केलेले बोइंग ७७७. हे प्रवासी विमान पूर्णपणे संगणकावर आखले गेले. त्याआधी जुळणी तपासण्यासाठी विमानाएवढी प्रतिकृती बांधण्याची प्रथा होती. ७७७ च्या वेळी तिची गरज उरली नाही.

तिसरा फायदा आकडेमोडीचा. घन वस्तूचे आकारमान संगणकाला माहीत असते, त्याला घनतेने गुणले की वजन मिळते. साध्या बिडाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम. एवढे सांगितले की ओतण्याआधीच भागाचे वजन, गुरुत्वमध्य आणि फिरताना लागणारी जडत्वाची मापे समोर येतात. वाहनांच्या भागांत दर ग्रॅमचा हिशेब होतो, तिथे हे मोलाचे आहे.

चौथा फायदा म्हणजे पडद्यावरचा आकार थेट यंत्रापर्यंत जातो. त्याच मॉडेलवरून सीएनसी किंवा व्हीएमसी यंत्राचा प्रोग्राम तयार होतो, लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ फाइल निघते, थ्रीडी प्रिंटरवर नमुना छापला जातो आणि तयार झालेला जॉब मोजणाऱ्या यंत्रावर मूळ मॉडेलशी ताडून पाहता येतो. मध्ये कुणाला माप वाचून पुन्हा लिहावे लागत नाही, त्यामुळे ३६ चे ६३ होण्याची जुनी खोड बरीच गेली.

ड्रॉइंग अंकांत असल्याचा लाभ इमारतींच्या नकाशांतही दिसतो. पुण्यात विकसित झालेले ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर कॅडमधला नकाशा वाचून समास अंतर, उंची, चटईक्षेत्र यांचे नियम तपासते. भिंत, जिना, पार्किंग अशा प्रत्येक घटकासाठी ठरलेल्या लेयरवर रेषा असल्या तरच ते शक्य होते. कागदावरचा नकाशा माणसाने वाचावा लागतो, तर हा नकाशा संगणकही वाचतो.

चादरीवरचा मोर

कॅडचा उपयोग फक्त लोखंडात नाही. सोलापूरची जेकार्ड चादर हे त्याचे दुसरे उदाहरण. तिला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मागावर नक्षी विणणारी जेकार्ड यंत्रणा १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार यांनी सिद्ध केली. तिच्यातल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एकेका फेरीसाठी एकेक कार्ड. अशी शेकडो कार्डे दोऱ्याने माळेसारखी ओवली की मोर, फूल किंवा अक्षर कापडावर उतरते. भोक आहे किंवा नाही, एवढ्याच भाषेत चालणारे हे यंत्र संगणकाचे पूर्वज मानले जाते.

जुन्या पद्धतीत नक्षीकार आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवतो. एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. मग कार्डे टोचली जातात. एका चौकोनाची चूक संपूर्ण चादरभर दर आवृत्तीत उमटते आणि ती कार्ड बदलूनच निघते. वस्त्रोद्योगाच्या कॅडमध्ये चित्र स्कॅन होते, रंग मोजक्या छटांवर आणले जातात, प्रत्येक छटेला वीण नेमून दिली जाते आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर कार्डांऐवजी फाइलच मागावर चढते. नक्षीची आवृत्ती, आरसा-प्रतिमा आणि किनार क्षणात होते. एखादा धागा फार लांबवर न गुंतता तरंगत राहिला तर तो कापड वापरताना अडकून ओढला जातो. असे तरंगणारे धागे संगणक शोधून दाखवतो.

मात्र इथेच कॅडची मर्यादाही स्पष्ट दिसते. पडद्यावरचा ठिपका चौरस असतो, पण कापडावरची गाठभेट चौरस असेलच असे नाही. समजा इंचात ४० उभे आणि २० आडवे धागे आहेत. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा मोर अशा कापडावर अडीच इंच रुंद आणि पाच इंच उंच होतो. पडद्यावर डौलदार दिसणारा मोर मागावर बगळ्यासारखा ताणला जातो. धाग्यांचे प्रमाण आधी सांगितले तरच सॉफ्टवेअर हा फरक भरून काढते. रंगाचेही तसेच. पडदा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, कापडावर मात्र रंगवलेले धागे शेजारी शेजारी बसतात. लाल आणि पांढऱ्याची जी छटा पडद्यावर दिसते, ती कापडावर विणीनुसार बदलते. चादरीचा जाडपणा, ऊब आणि हाताला लागणारा पोत तर पडद्यावर येतच नाही. म्हणून कॅडवर नक्षी मंजूर झाली तरी हातभर नमुना विणून पाहण्याची गरज संपलेली नाही.

उणिवा

पहिली उणीव म्हणजे मॉडेलमध्ये आकार असतो, पण पदार्थाचा स्वभाव नसतो. कॅमशाफ्टच्या ओतकामात ती अधिक ठळक होते. मॉडेलमध्ये शाफ्ट एकजिनसी घन वस्तू असतो. प्रत्यक्षात लोब कठीण हवा, कारण त्यावर सतत घर्षण होते. दांडा मात्र यंत्रावर सहज कापता येईल असा हवा. यासाठी वाळूच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडी ठोकळे, म्हणजे चिल, ठेवतात. तिथला वितळलेल्या लोखंडाचा रस झटकन थंड होऊन पांढरे, कठीण बीड बनते. बाकीचा रस सावकाश थंड होऊन करडे, मऊ बीड बनते. एकाच रसाचे हे दोन स्वभाव भूमितीच्या मॉडेलमध्ये कुठेही दिसत नाहीत.

थंड होताना बीड साधारण एक टक्का आकसते. चारशे मिलिमीटर लांबीच्या शाफ्टमागे चार मिलिमीटरचा हा हिशेब पॅटर्नच्या, म्हणजे साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याच्या, मापात धरावा लागतो. साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यावा लागतो. नंतर घासून काढण्यासाठी जादा धातू ठेवावा लागतो. जुना पॅटर्नमेकर आकसणीची वाढ धरलेली खास पट्टीच वापरत असे. कॅडला हे सांगितले तर ते अचूक करते, न सांगितले तर तितक्याच अचूकपणे चुकीचा पॅटर्न देते. रस कसा गोठेल, पोकळी कुठे पडेल, हे पाहण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ऑटोकास्ट त्यांपैकी एक. पण तेही धातूचे मिश्रण, तापमान आणि वाळू यांची खरी माहिती मिळाली तरच उपयोगी पडते.

दुसरी उणीव अचूकतेच्या भासाची. पडद्यावर माप दशांशाच्या आठ स्थळांपर्यंत दिसते, म्हणून नवख्याला प्रत्येक भाग तितक्या बारकाईने बनेल असे वाटते. वर्कशॉपमध्ये माप टॉलरन्ससह, म्हणजे चालू शकणाऱ्या फरकासह, बोलते. जिथे अर्ध्या मिलिमीटरची सूट चालली असती तिथे विचार न करता शतांशाची अट टाकली, तर साध्या ड्रिलिंगचे काम ग्राइंडिंगपर्यंत जाते आणि भागाची किंमत कित्येक पटींनी वाढते. झूम करता येत असल्यामुळे मापाचा अंदाजही सुटतो. दोन मिलिमीटरचा स्क्रू आणि दोन मीटरची तुळई पडद्यावर सारखीच मोठी दिसू शकते. पूर्ण आकारातला प्रिंट काढून टेबलावर पसरला की ज्या चुका डोळ्यांत भरतात, त्या पडद्यावर निसटतात.

तिसरी उणीव तयार सेटिंगची. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेनुसार शिकवली जाणारी पद्धत फर्स्ट अँगल प्रोजेक्शनची आहे, म्हणजे डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढायचे. अमेरिकी पद्धत थर्ड अँगलची, म्हणजे ते डावीकडेच काढायचे. कॅडमधला अमेरिकी साचा तसाच वापरला आणि कोपऱ्यातल्या चिन्हाकडे कुणी पाहिले नाही, तर डावीकडचे भोक उजवीकडे पडते. इंच आणि मिलिमीटरच्या घोळाचेही तेच.

चौथी उणीव पॅरामेट्रिक पद्धतीच्या पोटातच आहे. पुढचा प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याला टेकलेला असतो. मूळ रेखाटनातली एक कड काढून टाकली की तिच्यावर आधारलेले फिलेट, भोक आणि गाळे एकापाठोपाठ एक कोसळतात आणि यादी लाल खुणांनी भरते. मॉडेल कोणत्या हेतूने कसे रचले हे दुसऱ्याला कळेल असे नसेल, तर सहकाऱ्याच्या फाइलमध्ये एक माप बदलण्यापेक्षा तो भाग नव्याने काढणे सोपे पडते.

पाचवी उणीव फाइलींच्या देवाणघेवाणीची. प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी आणि नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. यावर उपाय म्हणून स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०३०३, १९९४ पासून आहे. त्यातून आकार सुखरूप पोचतो, पण तो कोणत्या टप्प्यांनी रचला याची यादी सहसा पोचत नाही. मिळणारा घन जणू ओतून आलेला ठोकळा असतो, त्याची मापे सहज बदलता येत नाहीत.

दोन महागडे धडे

एअरबस ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. विमानाचे भाग वेगवेगळ्या देशांत बनत होते. जर्मनीतले अभियंते कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधले नवी. वायरींचे वळण आणि त्यानुसार लागणारी लांबी दोन्हींत जुळली नाही. जर्मनीत तयार झालेले वायरींचे जुडगे फ्रान्समध्ये बसवायला गेल्यावर अपुरे पडले. २००६ मध्ये हा घोळ उघड झाला. वितरण सुमारे दोन वर्षे मागे पडले आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाला मिळाले. दोन्ही ठिकाणची ड्रॉइंगे आपापल्या जागी बिनचूक दिसत होती.

दुसरा धडा नॉर्वेचा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लीप्नर-ए या समुद्रातल्या तेल-वायू फलाटाच्या तळाचा प्रचंड काँक्रीट सांगाडा चाचणीत बुडाला. ताणाचे गणित करताना आकार ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात, ते तुकडे महत्त्वाच्या जागी फार ओबडधोबड होते. त्यामुळे कातरण ताण सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला आणि भिंती पातळ राहिल्या. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणितात ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे गणित संगणकाला जमत होते, पण त्याला दिलेला नमुना चुकीचा होता आणि आलेले उत्तर कुणी हाताने ढोबळपणे तपासले नव्हते.

किंमत आणि पर्याय

लहान कारखानदाराला कॅडची सर्वांत मोठी अडचण भूमितीची नाही, पैशाची आहे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की कायमचे वापरता येई. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नव्या कायम परवान्यांची विक्री थांबवली आणि वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. इतर कंपन्याही त्याच वाटेने जात आहेत. वर्गणी थांबली की स्वतःच्याच जुन्या फाइली दुरुस्त करणे अवघड होते. त्यामुळे अनेकांना चोरीच्या प्रतीचा मोह होतो. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि फाइलींचा भरवसा जातो.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय आता पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे. दोन मितींच्या कामाला लिब्रेकॅड पुरते. फ्रीकॅडची सुरुवात २००२ मध्ये झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. मागची कड बदलल्यावर पुढचे टप्पे कोसळण्याचा त्याचा जुना आजार या आवृत्तीत बराच आटोक्यात आला. पोलादी बांधकामासाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून ऑसडॅग हे सॉफ्टवेअर तयार झाले आहे. ते आयएस ८०० या भारतीय मानकाप्रमाणे जोड आणि तुळया आखते. मोठ्या असेंब्ली, गुंतागुंतीचे पृष्ठभाग आणि ग्राहकाने ठरवून दिलेली फाइल या बाबतीत महागडी सॉफ्टवेअर पुढे आहेत. जिग-फिक्श्चर, ब्रॅकेट, पत्र्याची कामे आणि शेती अवजारे यांना मात्र मुक्त साधने पुरेशी आहेत.

निवड आणि शिक्षण

सॉफ्टवेअर निवडताना फीचरांच्या यादीपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. ग्राहक कोणती फाइल मागतो? आपल्या यंत्राला कोणती फाइल लागते? काम दोन मितींचे की तीन मितींचे? ते चालवणारी माणसे गावात मिळतात का? पाच वर्षांनी जुनी फाइल उघडेल का? शेवटच्या प्रश्नासाठी प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची स्टेप फाइल आणि मापांसह पीडीएफ वेगळी जपून ठेवणे हा स्वस्त विमा आहे.

शिक्षणातही असाच क्रम लागतो. सोलापुरात १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले, तेव्हा ऑटोकॅड जेमतेम एका वर्षाचे होते. त्यानंतर देशभरच्या महाविद्यालयांत मिनी ड्राफ्टर या हाताने ड्रॉइंग काढण्याच्या साधनाची जागा हळूहळू संगणकाने घेतली. हाताने प्रोजेक्शन काढताना वस्तू मनात फिरवून पाहावी लागते. कॅडमध्ये माउस फिरवला की वस्तूच फिरते, आणि मनाला ती कसरत करावी लागत नाही. म्हणून पहिली काही ड्रॉइंगे हाताने काढणे, मग कॅड शिकणे आणि त्यानंतर काही आठवडे फौंड्रीत, मागावर किंवा मशिन शॉपमध्ये उभे राहणे हा क्रम हिताचा ठरतो. कमांड पाठ असलेला ऑपरेटर काही महिन्यांत तयार होतो. कोणत्या जागी किती टॉलरन्स द्यायचा आणि कोणत्या कोपऱ्यात रस गोठताना पोकळी पडेल हे सांगणारा डिझायनर घडायला वर्षे लागतात.

कॅड आकार विसरत नाही, थकत नाही आणि बदलाला कंटाळत नाही. आकसणारे बीड, ताणले जाणारे कापड आणि झिजणारे हत्यार यांची जाण मात्र त्याला माणसाने द्यावी लागते. ड्रॉइंगखाली 'तपासले' या रकान्यात सही करणारा माणूस म्हणूनच आजही तितकाच आवश्यक आहे.